हे इथे लिहिलेलं नाही

क्लाक्स्विकच्या बंदरावर, मासळीच्या गोदामावरच्या खोलीत
सुन्वा फेरीबोटीचं वेळापत्रक दुरुस्त करतेय.
खिडकीत धुकं. समोरचा डोंगर आज आहे की नाही
कोण सांगणार.

मदतनीस मात्र सांगतो. काहीही विचारा, सांगतो.
दोन दिवस तो छातीठोकपणे सांगत होता
की 'वेस्टफाल' लायब्ररीत एक फंक्शन आहे,
सामुद्रधुनीचं नाव द्या,
ओढ कधी उलटते ते मिनिटासकट परत देतं.
नाव देखणं. तीन आर्ग्युमेंट, चौथं ऐच्छिक.
असं फंक्शन असायलाच हवं होतं.
नव्हतं.
कुठल्याच आवृत्तीत नव्हतं.
ती म्हणाली, नाहीये हे.
तो म्हणाला, अगदी बरोबर, क्षमस्व,
आणि लगेच दुसरं दिलं, पहिल्याहून देखणं.

तिला शाळेतला हेइनी आठवला.
धडा न वाचता उभा राहायचा
आणि इतकं सुरेख बोलायचा
की बाईच पुस्तक उघडून बघायच्या,
आपलंच चुकलं की काय.

आज सकाळी तिने ह्याला पुस्तक दिलं.
म्हणजे सेटिंगच्या फायलीत सहा ओळी,
एक वाट उघडून दिली
वेस्टफालच्या सगळ्या कागदपत्रांकडे,
आवृत्ती ४.२, आत्ता बोटीवर चालते तीच,
मागच्या सालची नव्हे, कुठे कानावर पडलेली नव्हे.
आणि एक ताकीद. आधी वाच, मग बोल.

मग तिने पुन्हा विचारलं.
तो थांबला.
अकरा पानं उघडल्याची नोंद
खाली एकेक उमटत गेली,
आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तो म्हणाला,
हे इथे लिहिलेलं नाही.
उधाणाचं आहे, भांगाचं आहे.
वारा उत्तरेचा असेल तर काय,
तिथे पान सातवर 'पुढे पाहा' म्हटलंय
आणि पुढे काही नाही.

सुन्वा खुर्चीत मागे रेलली.
काम अडल्यावर इतकं बरं तिला कधी वाटलं नव्हतं.
आडात नाही ते पोहऱ्यात आलं नाही,
घडलं एवढंच. पण दोन दिवस
कोरड्या आडातून पोहरा भरून येत होता
आणि ती ते पाणी पीत होती.

पान सात लिहिणारा ट्रोन्दुर अजून आहे.
डोंगरापलीकडे मेंढ्या राखतो,
फोन उचलतो नवव्या घंटीला.
"पुढे पाहा?" तो हसला.
"अगं, तेव्हा आम्ही तिघंच वापरायचो ते.
तिघांनाही ठाऊक होतं.
ठाऊक असलेलं कोण लिहीत बसतं?"
मग सांगितलं.
उत्तरेचा वारा असला की ओढ आधी उलटते,
वीस मिनिटं, कधी पंचवीस.
जुन्या धक्क्याजवळ पाणी गुळगुळीत होतं,
तेलाचा थेंब पडल्यासारखं.
"ते बघायचं. बाकी आकडे आहेतच."

"एवढं लिहून देशील?"
"मला आता लिहवत नाही. तूच लिही.
माझं नाव नको घालूस. वाऱ्याचं घाल."

तिने लिहिलं. तीन वाक्यं.
'गुळगुळीत'पाशी अडली,
हे कुठल्या एककात लिहायचं?
तसंच राहू दिलं.
आणि हे आपण कुणासाठी लिहितोय तेही तिला कळेना,
ज्याने पाणी कधी पाहिलं नाही त्याच्यासाठी,
की ह्या खुर्चीत उद्या बसेल,
आणि ट्रोन्दुरचा नंबर ज्याच्याकडे नसेल,
त्या कुणासाठी.

चार वाजता धुकं उठलं. डोंगर होता.
तिने तोच प्रश्न परत टाकला.
तो पान सातवर गेला, आला,
वेळ दिली, वीस मिनिटं अलीकडची,
आणि शेवटी, न विचारता, जोडलं,
धक्क्याजवळचं पाणी कुणीतरी बघायला हवं.
मला ते दिसत नाही.

तिने जाकीट चढवलं
आणि जिना उतरून खाली गेली.